बाणाचा तोल

बाण नेमका लागतो तो धनुष्याच्या जोरानें, असा सर्वसाधारण समज आहे; परंतु बाणाच्या तोलाचें महत्त्व त्याहून कमी नाहीं.

इ. स. १९११ च्या ऑगस्टमध्यें कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवीं एक उपाशी, एकाकी मनुष्य सांपडला. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत नामशेष झालेल्या याही जमातीचा तो अखेरचा ज्ञात पुरुष होय. त्यानें आपलें नांव सांगितलें नाहीं. म्हणून त्याच्याच भाषेंतील ‘मनुष्य’ या अर्थाचा ‘ईशी’ हा शब्द त्याचें नांव झाला. सॅन फ्रान्सिस्को येथें शल्यवैद्य डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्यापाशीं धनुर्विद्या शिकले.

ईशीच्या पुष्कळ बाणांत हेझलच्या काडीपुढें अधिक जड लाकडाचा तुकडा जोडलेला असे. टोंकास दगडी पातें, मागें तीन पिसें. पुढच्या भारानें तोलबिंदु पुढें सरकतो, पिसांवरील हवेचा रोध त्याच्या बराच मागें पडतो आणि तिरपा होऊं लागलेला बाण सरळ होतो.

आजचे शिकारी हा तोल मोजतात. पात्यासह बाण सुरीच्या पाठीवर तोलून, तोलबिंदु काडीच्या मध्यापासून किती पुढें आहे तें पाहतात व त्यास काडीच्या लांबीनें भागतात. ३० इंची काडींत ३ इंच म्हणजे शेंकडा १०. हा आंकडा फार वाढल्यास बाण लौकर खालीं झुकतो. ईशीच्या बाणांत हें गणित लाकडाच्या निवडींतच मुरलेलें होतें.

१९१६ च्या मार्चमध्यें ईशी क्षयानें वारला. १९२३ सालीं पोप यांचा धनुष्यबाणाच्या शिकारीवरील ग्रंथ निघाला. ज्या समाजानें याहींचा उच्छेद केला, त्याच समाजाच्या हातीं त्यांची विद्या उरली.