औषधदान : लहान साहाय्याचा इतिहास

जैन श्रावकाचारात दान हे गृहस्थाचे नित्य कर्तव्य मानले गेले आहे. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान हे दानाचे चार प्रकार सर्वपरिचित आहेत. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आहार, औषध, उपकरण आणि आवास अशी चार दाने सांगितली असून औषधदानाचे उदाहरण म्हणून वृषभसेनेचे नाव घेतले आहे. आचार्य जिनसेनांच्या ‘आदिपुराणा’त पीडित जीवांना करुणेने केलेल्या साहाय्यास ‘दयादत्ती’ असे स्वतंत्र नाव आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’त तर दानाचे श्रेष्ठत्व विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींवरून ठरते, असे प्रतिपादन आहे. या चौघांत रकमेच्या मोठेपणाचा उल्लेख नाही, ही बाब लक्षणीय आहे.

औषधदान म्हटले की आज धर्मादाय दवाखाना, नेत्रशिबिर, रुग्णवाहिका किंवा एखादी मोठी शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर येते. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु काही व्याधी अशा असतात की त्या एका शस्त्रक्रियेने संपत नाहीत. त्या बालपणापासून सोबतीला येतात आणि ऐन तारुण्यात, शिक्षण व रोजगाराच्या उंबरठ्यावर, वेदनेच्या रूपाने पुनःपुन्हा आडव्या येतात. अशा रुग्णाला एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा वेळेवर आणि सातत्याने मिळणारे लहान साहाय्य अधिक उपयोगी पडते. विदर्भ आणि सातपुड्याच्या परिसराला परिचित असलेला सिकलसेल हा आजार याचे बोलके उदाहरण आहे.

या आजाराच्या वैद्यकीय इतिहासाचा आरंभच एका विद्यार्थ्यापासून झाला. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी शिकागोला आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल हा तरुण १९०४ साली तेथील रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्या आणि १९१० साली डॉ. जेम्स हेरिक यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. नोएलने वारंवार येणाऱ्या आजारपणातही पदवी मिळवली, मायदेशी परतून व्यवसाय केला आणि १९१६ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या व्याधीचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषात असल्याचे दाखवून दिले. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये या पेशी आढळल्या, तर १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

या आजारात विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढील भागास प्राणवायू मिळत नाही आणि हाडे व सांधे यांत असह्य वेदना उठते. थंडी, ताप, जंतुसंसर्ग, अतिश्रम किंवा पाणी कमी पिणे एवढ्या कारणानेही ही कळ सुरू होऊ शकते. काही रुग्णांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तरुणपणीच तुटतो आणि चालणेही कठीण होते. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र जखम दिसत नाही. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी अंथरुणावर पडलेल्या मुलीला ‘अभ्यास टाळते’ आणि कामावर न आलेल्या मुलाला ‘कामचुकार’ म्हटले जाते. शरीराच्या वेदनेत अशी अविश्वासाची वेदना मिसळते.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने प्रौढ रुग्णांतील वेदनेचे झटके सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे दिसून आले. पुढे मुलांसाठीही त्याचा वापर मान्य झाला. हे औषध नवे नाही, दुर्मीळही नाही. परंतु ते रोज घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. म्हणजेच दर खेपेला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाणे आले, सोबतच्या पालकाची मजुरी बुडणे आले, आणि रुग्णालयात गोळ्या शिल्लक नसल्यास त्या बाहेरून विकत घेणे आले. उपचाराची साखळी बहुधा या लहान कड्यांपाशीच तुटते.

रुग्णालयाच्या औषधाइतकीच रुग्णाच्या घरची परिस्थिती महत्त्वाची असते, हे आधुनिक वैद्यकाला उशिरा उमगले. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मेरी स्ट्युअर्ट यांची ‘आमनर’ या पदावर नेमणूक झाली. खर्च करण्याची ऐपत असणारे लोक मोफत उपचारांचा गैरफायदा घेत नाहीत ना, हे तपासणे हा त्या नेमणुकीचा मूळ हेतू होता. परंतु या कामातून हळूहळू एक वेगळाच व्यवसाय आकाराला आला. रुग्णाच्या अडचणी समजून घेणे आणि त्याला योग्य मदतीपर्यंत पोहोचवणे हेच त्याचे प्रमुख अंग बनले. चौकशीसाठी उघडलेले दार साहाय्याचे दार ठरले.

या कार्याची भारतातील सुरुवात मुंबईत झाली. जमशेटजी जीजीभाई यांच्या दातृत्वातून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांतील ‘पुअर बॉक्स’ निधी हाही याच परंपरेचा भाग. अनेकांच्या लहानमोठ्या देणग्यांतून गरजू रुग्णाच्या औषधाची, तपासणीची वा साधनाची सोय करणारी ही व्यवस्था होय.

महाराष्ट्रातील जैन समाजाला लहान परंतु नियमित साहाय्याचे महत्त्व शिक्षणक्षेत्रात फार पूर्वी पटले होते. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांच्या मार्गाने खेड्यापाड्यांतील मुलांना शिक्षणाची वाट खुली केली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटील यांनी पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील जेवण, पुस्तके, वर्षाची फी यांची एकेकटी रक्कम मोठी नव्हती. मात्र ती योग्य वयात मिळाल्याने आयुष्यांची दिशा बदलली. वेदनाग्रस्त तरुणाच्या बाबतीत शिष्यवृत्ती आणि औषधदान ही दोन दाने एकरूप होतात, कारण त्याचे औषध चुकले की त्याची शाळाही चुकते.

शासनाच्या व्यवस्थाही कालांतराने वाढल्या. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील कलम ४१ कक आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने अमलात आलेली योजना यांमुळे धर्मादाय रुग्णालयांतील दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव झाल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला.

या सर्वांमुळे लहान साहाय्याची गरज संपली नाही. तिची जागा अधिक स्पष्ट झाली. राखीव खाट दाखल झालेल्या रुग्णास उपयोगी पडते. पण दोन भरतींच्या मधला काळ घरीच काढावा लागतो. त्या काळात संपलेल्या गोळ्यांची एक पट्टी, प्रवासाचे भाडे, वसतिगृहातील मुलासाठी चांगली रजई व स्वेटर, शाळेत नेण्यासाठी पाण्याची मोठी बाटली, परीक्षा हुकल्यास पुन्हा भरावयाची फी, इतक्याच या गरजा असतात. थंडीने झटका येणाऱ्या मुलासाठी रजई हेच औषध असते.

येथे ‘विधी’ या शब्दाचे महत्त्व ध्यानात येते. साहाय्यासाठी तरुणाला वर्षानुवर्षे तीच कागदपत्रे द्यावी लागली, व्यासपीठावर बोलावून त्याचे छायाचित्र घेतले गेले किंवा आपले दुखणे खरे असल्याचे त्याला पटवून द्यावे लागले, तर द्रव्य शुद्ध असूनही विधी सदोष ठरतो. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना, व्यक्तीने सांगितलेल्या वेदनेच्या अनुभवाचा आदर राखला जावा, असे नमूद केले. गुप्तदानाचा आदर्श सांगणाऱ्या परंपरेला हे तत्त्व परके नाही.

सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या जीवनातील सिंहावलोकनाचा प्रसंग. अशा वेळी वास्तू, दालने आणि देणगीदारांच्या नावांच्या शिळा सहज नजरेत भरतात. महिन्याच्या गोळ्यांवर आणि एस.टी.च्या तिकिटांवर झालेला खर्च मात्र हिशेबाच्या वहीतील एका किरकोळ ओळीत राहतो. त्या ओळीतूनच एखादी मुलगी दहावीच्या परीक्षेला बसलेली असते, एखादा मुलगा कामावर टिकलेला असतो. दात्याला त्यांची नावे ठाऊक नसतात आणि ती ठाऊक असण्याची आवश्यकताही नसते. पुढच्या महिन्याच्या गोळ्या वेळेवर पोहोचल्या, म्हणजे औषधदान पूर्ण झाले.