“कायले पाह्यजे रे बाबू?”

आज लोणार नाही, सिंदखेडराजा नाही. आज वाचनालयातल्या एका टेबलाची गोष्ट.

बारावीनंतर मला जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता. ओबीसींना १९६७ च्या आधीचा लागतो. ॲडमिशन त्यावरच अडलेलं. मोबाईलवर शोधून दमलो, मग बुलढाण्यातल्या एका वाचनालयात गेलो आणि मागितलं काय, तर ‘आमच्या गावाच्या इतिहासाचं पुस्तक’!

ग्रंथपाल काका कपाटाकडे वळलेच नाहीत. म्हणाले, “कायले पाह्यजे रे बाबू?”

मग विचारत गेले. पणजोबा कधी जन्मले? शाळेत गेले होते का? तेव्हा गाव कोणत्या तालुक्यात होतं? पाच मिनिटांत कळलं, मला पुस्तक नकोच होतं. मला हवी होती कोतवाल बुकाची नक्कल, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली नोंद. ती तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये.

तालुक्याचा प्रश्न उगाच नव्हता. आपला वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पणजोबांच्या जन्माच्या वेळी ‘महाराष्ट्र’ राज्यच नव्हतं. मी मात्र तेच टाकून शोधत होतो!

काकांसारखं विचारणं, हे कामच आहे बरं का. अमेरिकेतल्या वूस्टरचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ मध्येच मांडलं होतं, की ग्रंथपालाने वाचकाशी बोलावं, त्याला काय हवंय ते समजून घ्यावं. आपल्याकडे गणिताचे मास्तर रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हा नियमच त्यांनी करून टाकला. १९६८ मध्ये रॉबर्ट टेलर यांनी तर माझीच चूक लिहून ठेवली: माणूस मनातली गरज सांगत नाही, इथे काय मिळेल असं त्याला वाटतं, ते मागतो.

तहसीलात नोंद सापडली. पण पणजोबांचं नावच नाही! त्यांच्या वडिलांचं नाव, जात आणि पुढे नुसतं ‘मुलगा’. कागद घेऊन परत काकांकडे. त्यांनी चष्मा लावला, वाचलं.

“आता सांग, तुह्या पणज्याले भाऊ किती होते?”