चौकोनावर त्रिकोण

खाली चौकोन, त्यावर त्रिकोण, मध्ये दार, दोन्ही बाजूंना खिडक्या. नुकतीच पेन्सिल धरायला शिकलेल्या कुणालाही कार्टूनमधले घर काढायला सांगितले की सुरुवात अशीच होते. हे घर मुलांच्या मनातून आपोआप उगवते, असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. मराठवाड्यात माळवदाच्या घरात वाढलेले मूलही कागदावर उतरते छप्परच काढते. डोक्यावरचे सपाट माळवद चित्रात येत नाही, कारण घर डोळ्यांनी पाहून काढलेले नसते. ते दुसऱ्या चित्रातून आलेले असते. मग ते पहिले चित्र काढले कुणी?

एकच एक माणूस सांगता येणार नाही, पण पद्धतीचे मूळ स्वित्झर्लंडमध्ये सापडते. १८०३ साली शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी आणि त्यांचे सहकारी यांनी पाहण्याची बाराखडी शिकवणारे पुस्तक काढले. त्यात मुलांनी आधी सरळ रेषा, कोन, चौकोन आणि कंस गिरवायचे, वस्तू मागाहून, असा क्रम होता. पेस्टालोझींच्या शाळेत राहून गेलेल्या फ्रोबेल यांनी बालवाडीत आठ लहान ठोकळ्यांत सुटणारा लाकडी घन आणला आणि आखीव चौकटींच्या पाटीवर रेघा ओढायला लावल्या. घर म्हणजे मुळात ठोकळा, ही समज तिथे पक्की झाली.

आज आपण ज्याला स्टेप बाय स्टेप म्हणतो, ते मात्र अमेरिकेतल्या ई. जी. लुट्झ या चित्रकाराच्या १९१३च्या पुस्तकात पुरते आकाराला आलेले दिसते. काय काढावे आणि कसे काढावे, एवढेच त्याचे नाव सांगते. मजकूर जवळजवळ नाहीच. एका ओळीत तेच चित्र अनेकदा. पहिल्यात दोन-चार रेषा, दुसऱ्यात आणखी थोड्या, शेवटी पुरे चित्र. ही मांडणी मला फार मोठी वाटते. तोवर बहुतेकदा शिकणाऱ्यापुढे तयार चित्र ठेवून 'असे काढ' म्हणत. मधला रस्ता ज्याचा त्याने शोधायचा. लुट्झने तो रस्ताच छापला. ज्याच्याजवळ शिक्षक नाही, त्यालाही आता कळले की आधी भिंतीचा चौकोन येतो आणि खिडकीचा गज सर्वांत शेवटी.

याच लुट्झने १९२० साली कार्टूनपट कसे बनतात यावर पुस्तक लिहिले. कॅन्सस सिटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात ते एका होतकरू तरुणाच्या हाती लागले. तो वॉल्ट डिस्ने. जे हलत नाही ते पुन्हा पुन्हा काढत बसायचे नाही, अशा कष्ट वाचवणाऱ्या युक्त्या त्यात होत्या. पात्रे हलतात, मागचे घर जागेवर राहते.

घराला चेहरा मिळाल्याची गोष्ट मला या सगळ्या वंशावळीत सर्वांत जवळची आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉली कोव्ह इथे राहणाऱ्या व्हर्जिनिया ली बर्टन यांनी रहदारीचा रस्ता टाळण्यासाठी आपले घर उचलून मागे, सफरचंदांच्या बागेत नेले होते. त्या अनुभवातून १९४२ साली त्यांचे एका लहान घराचे पुस्तक आले, आणि पुढच्या वर्षी त्याला चित्रपुस्तकांसाठीचे कॅल्डेकॉट पदक मिळाले. या घराच्या दोन खिडक्या डोळे होतात, मधले दार नाक, आणि खालच्या पायरीचा बाक ओठ. भोवती शहर वाढत जाते, इमारती उंच होतात आणि घर कोमेजते. रेषा त्याच, किंचित बदललेल्या, पण दुःख कळते. डिस्नेने १९५२ साली त्यावर लघुपट केला. शिकाऊ माणसाने घर काढताना खिडक्या दाराच्या किती वर घ्यायच्या, पायरी कुठे वाकवायची, याचा विचार केला तर तो नकळत बर्टनबाईंच्याच वाटेने चालतो.

पण तयार आकार गिरवणे सगळ्याच शिक्षणतज्ज्ञांना आवडले नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक १८९७पासून मुलांचा वर्ग चालवत. मोठ्यांच्या नकला नकोत, मुलांना मोकळे सोडा, हा त्यांचा आग्रह. पुढे कलाशिक्षणतज्ज्ञ लोवेनफेल्ड यांनी रंग भरायच्या तयार पुस्तकांवरच हल्ला चढवला. त्यांची कळकळ खरी होती. एकाच साच्याची चाळीस घरे लावलेली वर्गाची भिंत पाहिली की मलाही तेच वाटते. पण १९७७ साली ब्रेंट आणि मार्जरी विल्सन या कलाशिक्षणाच्या अभ्यासकांनी मुलांची चित्रे तपासून दाखवले की त्यांतली जवळजवळ सगळी आधी पाहिलेल्या चित्रांवरून, कॉमिक्सवरून, टीव्हीवरून आलेली असतात. मोकळे सोडले तरी मूल कुणाकडून तरी घेतेच. मग चांगल्याकडून घ्यावे.

आणि मूल घेते तेव्हा स्वतःचेही घालते. मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि इन्हेल्डर यांनी १९४८च्या पुस्तकात टिपले आहे की लहान मुले धुराडे जमिनीला नाही, छपराच्या उताराला काटकोनात काढतात, म्हणून ते तिरके दिसते. आपल्याकडे धुराडी नाहीत, पण डोंगराच्या उतारावर आडवी झालेली नारळाची झाडे प्रत्येक शाळेच्या चित्रकलेच्या वहीत आहेत. कारण एकच: जवळची रेषा हाच त्या वयाचा ओळंबा.

१९७२च्या पुस्तकात एड एम्बर्ली या चित्रकाराने लुट्झची युक्ती आणखी सोपी केली. प्रत्येक पायरीसोबत त्या पायरीला लागणारा आकारच वेगळा काढून दाखवला: त्रिकोण, ठिपका, आडवी रेघ. मोजक्या खुणांतून घरे, गाड्या, माणसे, सारे जग.

या पद्धतीत माळवद बसवणे अवघड नाही. पायरी पहिली, रुंद चौकोन, उंचीपेक्षा लांबी जास्त. दुसरी, वर त्रिकोणाऐवजी जाड आडवी पट्टी. ती मातीचे सपाट छप्पर. तिसरी, पट्टीखाली ओळीने लहान गोल, बाहेर डोकावणाऱ्या लाकडांची टोके. चौथी, जाड भिंतीत खोल बसलेले लहान दार, त्याभोवती दुसरी चौकट. पाचवी, बाजूने वर जाणारा जिना. सहाव्या पायरीत वर वाळत घातलेले पापड, आणि हवे असतील तर दाराच्या दोन बाजूंना दोन डोळे.