मागे राहिलेल्यांचा हक्क

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत माणूस दगावला की दोन शब्द हमखास कानावर येतात : ‘मदत’ आणि ‘मिटवामिटवी’. मदत सरकार जाहीर करते, मिटवामिटवी मालक किंवा ठेकेदार करतो. ‘नुकसानभरपाई’ हा तिसरा शब्द त्या मानाने क्वचितच उच्चारला जातो. या तीन शब्दांतला फरक नीट समजायचा तर थोडे इतिहासात डोकवावे लागते.

मृत्यूच्या मोबदल्याचा विचार मुसलमानांना अपरिचित नाही. चुकून झालेल्या मृत्यूबद्दल दियत द्यावी आणि ती मयताच्या वारसांत वाटली जावी, असे फिकह सांगते. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये प्रचलित इस्लामी फौजदारी कायदा काही काळ चालू ठेवला होता. १७९० मध्ये गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने खुनाच्या खटल्यांतला वारसांचा माफीचा अधिकार काढून घेतला. शिक्षा देणे सर्वस्वी सरकारचे काम झाले. गुन्हेगार श्रीमंत आणि वारस गरीब असला की माफी विकत घेतली जाण्याचा धोका होताच, तेव्हा या बदलात तथ्य होते. पण घरातला कमावता गेला, त्या घराने खायचे काय, हा प्रश्न त्या बदलाने सुटला नाही.

खुद्द इंग्रजांचा कायदाही याबाबतीत कोरडा होता. १८०८ मध्ये घोडागाडीच्या अपघातात पत्नी गमावलेल्या बेकर नावाच्या गृहस्थाला इंग्लंडच्या न्यायालयाने ऐकवले, की माणसाचा मृत्यू ही दिवाणी दाव्याला पात्र अशी हानीच नव्हे. म्हणजे माणूस जखमी झाला तर दावा चाले. मेला तर नाही! ही विसंगती १८४६ मध्ये तिथल्या कायद्याने दूर केली. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ चा तेरावा कायदा, म्हणजे प्राणांतिक अपघात कायदा आला. बोरीबंदर-ठाणे आगगाडी धावून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. पालघरवरून जाणारा लोहमार्ग १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोहोचला.

या कायद्याने पती, पत्नी, आईवडील आणि मुले यांना दाव्याचा हक्क दिला. अट एकच, पण जबर : दुसऱ्याची चूक किंवा हयगय सिद्ध करायची. मजुराच्या विधवेने ती कुठून सिद्ध करावी? यंत्र मालकाचे, हजेरीपट मालकाचा आणि साक्षीदारही मालकाच्याच पगारावर.

ही अडचण १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने बरीचशी दूर केली. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. काम करताना, कामामुळे अपघात होऊन कामगार मेला, एवढे दाखवले की मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. रक्कम तुटपुंजी होती : तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. तरीही ती खैरात नव्हती, हक्क होता. याच कायद्याच्या आठव्या कलमाने पुढे फार मोलाचे काम केले. मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडे जमा केली पाहिजे. किरकोळ आगाऊ रक्कम सोडली तर घरच्यांच्या हातात परस्पर टेकवलेला पैसा भरपाई म्हणून धरला जाणार नाही. सतराव्या कलमाने भरपाईचा हक्क सोडून देणारा करारही रद्दबातल ठरवला. स्टॅम्प पेपरवरच्या मिटवामिटवीचे वजन किती, हे यावरून कळावे.

तारापूरला अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, मागोमाग औद्योगिक वसाहत वाढली. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांच्या कारखान्यांत स्थानिकांबरोबर उत्तर प्रदेश, बिहारचे मजूर आले. ११ जानेवारी २०२० रोजी कोळवडे गावाजवळच्या रसायन कारखान्यात स्फोट होऊन आठ जण ठार झाले. मृतांच्या वारसांना सरकारने पाच-पाच लाखांची मदत जाहीर केली. मदत योग्यच होती. पण त्याच्या आठच दिवस आधी, ३ जानेवारीला, भरपाईच्या हिशेबासाठी धरायच्या मासिक पगाराची मर्यादा आठ हजारांवरून पंधरा हजार झाली होती. पंचवीस वर्षांचा, पंधरा हजार पगाराचा कामगार धरा. पगाराचे निम्मे साडेसात हजार, त्याला वयाचा गुणक २१६.९१. उत्तर येते सोळा लाख सव्वीस हजार आठशे पंचवीस. मदत आणि हक्क यांतले अंतर ते हे. कामगार राज्य विमा योजनेत असेल तर या रकमेऐवजी आश्रितांना तिथून पेन्शन मिळते. ठेकेदाराचा मजूर असेल तर मूळ मालकाचीही जबाबदारी सुटत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. ही रक्कम कोणाची? आपल्या घरांत तिच्याकडे ‘तरका’ म्हणून पाहिले जाते. मुले असतील तर विधवेचा आठवा हिस्सा, असा हिशेब दीर आणि सासरे लगेच मांडतात. पण तरका म्हणजे मयताने मागे ठेवलेली मालमत्ता. ही भरपाई त्याच्या हयातीत अस्तित्वातच नव्हती. ती त्याच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी जन्मली. १९२३ च्या कायद्याने आश्रितांत वाटणी करण्याचा अधिकार आयुक्तांना दिला. योग्य वाटल्यास ते सगळी रक्कम एकाच आश्रिताला देऊ शकत, अज्ञान मुलांचा पैसा गुंतवून ठेवू शकत. कमावत्या भावाला केवळ भाऊ म्हणून त्यात वाटा नव्हता. दियतीची वाटणी नात्याच्या जवळिकीवर होते, या भरपाईची गरजेवर. दोन्ही पद्धतींची आपापली संगती आहे. एकीची मोजपट्टी दुसरीला लावली की नुकसान होते ते विधवेचे आणि यतीमांचे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. मृत्यूची रक्कम अधिकाऱ्याकडे जमा करण्याची तरतूद तिथेही आहे. तरतूद कागदावर असते, दावा मात्र माणसालाच करावा लागतो. ‘मेलेल्याचे पैसे खायचे का?’ या टोमण्याने अनेक बायका गप्प बसतात. चार महिने दहा दिवसांची इद्दत संपेपर्यंत दुसऱ्याच कोणीतरी सह्या करून रक्कम उचललेली असते. इद्दतीतल्या बाईला अर्जावर सही करायला, वकिलाशी बोलायला मज्जाव नाही. मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी कफन-दफनाची जशी तत्परतेने व्यवस्था करावी, तशीच पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, हजेरीचा आणि पगाराचा पुरावा यांचीही करावी. मयताला मातीआड करणे हे जसे मागे उरलेल्यांचे कर्तव्य, तसे त्याच्या लेकरांचे हक्क मातीआड होऊ न देणे हेही त्यांचेच कर्तव्य आहे.