शिक्षक होणाऱ्याचे गणित

आपल्या शिंपी ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसणारे लेखक बहुधा श्रीनामदेवरायांपासून आरंभ करतात आणि कात्री, गज व शिवणयंत्र यांपाशी येऊन थांबतात. ते योग्यच आहे. परंतु मराठी मुलखातील अन्य कारागीर ज्ञातींप्रमाणे आपल्या घरांतूनही दुकानाच्या ओट्यावरून शाळेच्या ओसरीवर जाणारी एक वाट पडली. ती प्राथमिक शिक्षकाच्या पेशाची वाट होय. तिचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही. या वाटेवर जो मोठा नाका लागे तो गणिताचा. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यास गणित किती व कोणते यावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रांतात गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलले. तथापि, आमच्या मते, दर वेळी एक गोष्ट गृहीत धरली गेली. ती ही की, मुलांना जे शिकवावयाचे ते त्याला येतेच, तेव्हा त्याला शिकवावयाचे ते त्याहून काही वरचे अथवा निराळे. हे गृहीत कितपत खरे, याचा विचार नाशिकच्या परिसरातील दाखल्यांवरून प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मुंबई इलाख्यात सरकारी आश्रयाने शिक्षक तयार करण्याचा उपक्रम प्रथम झाला तो गणित्यांच्याच हातून. १८२२ साली मुंबईस शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्विस हे लष्करातील इंजिनियर. जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साह्याने त्यांनी हटन या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथांच्या आधारे मराठी पुस्तके सिद्ध केली, आणि १८२६ साली शिकवून तयार केलेले २४ शिक्षक, १४ मराठी व १० गुजराथी, जिल्ह्याजिल्ह्यांत रवाना झाले. पुढे १८४५ साली मुंबईस नॉर्मल वर्ग निघाला. त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. तेही गणिताचे अध्यापक. दुर्दैवाने वर्षभरातच ते निवर्तले.

या नव्या शिक्षकांची गाठ पडली ती गावच्या पंतोजीच्या हिशेबाशी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे केवळ घोकंपट्टी होते असे म्हणण्याची आज रूढी पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. रुपयाचे आणे १६, मणाचे शेर ४०, गजाचे तसू २४. या तिन्ही संख्यांची चौथाई नेमकी निघते : ४, १० आणि ६. चौथाईची निमपटही नेमकी निघते : २, ५ आणि ३. ज्या बाजारात सारी मापे अशी पाव-अर्ध्याने तुटतात, तेथे पाऊणकी मुखोद्गत असलेला पोरगा कागदावाचून सौदा पुरा करतो. सात पाऊणे सव्वापाच, सात औटे साडेचोवीस. हे ज्ञान आपल्या दुकानांत होते आणि चांगले होते. त्याला उणीव होती ती एवढीच, की असे का होते हे सांगण्याची तेथे कोणास गरज पडत नसे. कापड बरोबर बेतले की काम संपले. शिक्षकाचे काम मात्र तेथून पुढे सुरू होते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. प्राथमिक शिक्षक बहुतेक एकाच वर्गातून येतात, ते अन्य वर्गांतून यावेत, नांगराचे रुमणे अथवा सुताराचा वाकस हाती धरण्यास ज्यांस कमीपणा वाटणार नाही असे असावेत, त्यांना शिकवून तयार करावे आणि वेतन दरमहा १२ रुपयांहून कमी नसावे, असे त्यांचे म्हणणे होते. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध लेखनवाचनाबरोबर हिशेबास त्यांनी स्थान दिले. कारागिराच्या घरचा हिशेब जाणणारा मुलगा शिक्षक व्हावा, ही कल्पना सरकारदरबारी इतक्या स्पष्टपणे मांडलेली तत्पूर्वी आमच्या पाहण्यात नाही.

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजने काय साधले, याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत. पण शिक्षकाच्या पेशाला ज्ञाती नसते, म्हणून त्यांना येथे जागा देणे अवश्य वाटते. १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड येथे त्यांचा जन्म झाला. १८७० साली ते या कॉलेजात दाखल झाले व तेथे तीन वर्षे शिकले. पुढे मॅट्रिक झाले. पण विश्वविद्यालयाची पदवी त्यांना नव्हती. रेवदंडा व ठाणे येथील मराठी शाळांत आणि नंतर बार्शीस त्यांनी मास्तरकी केली. १८८९ पासून ते धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात शिकवीत असत. धुळे म्हणजे नाशिकचे शेजारघरच. १८९४ साली ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले आणि १८९८ साली मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. पुरी पंचेचाळीस वर्षेही आयुष्य लाभले नाही. परंतु तेवढ्यात 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली त्यांनी प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासमवेत भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथही. अधिकमास कसा निघतो, तिथीची क्षयवृद्धी का होते, हे मुळापासून जाणणारा पुरुष खेड्यातल्या शाळांवर जाणाऱ्या उमेदवारांस शिकवीत होता. असा योग शिक्षणखात्याने ठरवून जुळविला होता असे नाही. पण तो जुळला होता खरा, आणि आज तो का जुळत नाही, असे विचारावेसे वाटते.

विसाव्या शतकात फायनल परीक्षा, पी.टी.सी., पुढे डी.एड. आणि आता डी.एल.एड. अशी नावे बदलत गेली. १९३७ च्या वर्धा योजनेने टकळी व सूत यांच्याशी गणित जोडले. आपल्या मंडळींस ते परके वाटले नसावे. मोठा धक्का बसला तो १ एप्रिल १९५७ रोजी. रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि आण्याचे सव्वासहा. पाठोपाठ १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने-मापे येऊ लागली. शंभराच्या चौथाईची निमपट साडेबारा. पूर्वीची सोय तेथे उरली नाही. पावकी-दिडकीचे पाढे शाळांतून मागे पडले. दशांश अपूर्णांक पुढे आले. शिक्षकांनी नवी कोष्टके पाठ केली. रीत बदलली, रीतीमागचे कारण पूर्वी विचारले जात नव्हते, ते नंतरही विशेष विचारले गेले नाही.

सांप्रत परिस्थिती अशी. २०१३ पासून महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा घेतली जाते. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी असलेल्या पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण गणिताचे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे. वीस वीस वर्षे वर्ग सांभाळलेली माणसे पुनश्च विद्यार्थी झाली. त्यांच्या मनःस्थितीविषयी आम्हांस सहानुभूती आहे. पण परीक्षेच्या तयारीची जी पुस्तके बाजारात मिळतात, ती चाळली असता शोक होतो तो निराळ्याच गोष्टीचा. त्यांत झटपट रीती आहेत, कारणे नाहीत.

कारण म्हणजे काय, हे आपल्याच धंद्यातील उदाहरणाने सांगतो. सहा वार कापड आहे. पाऊण पाऊण वाराचे तुकडे किती निघतील? शाळेतील रीत सांगते : पाऊण म्हणजे तीन छेद चार, तो उलटा करा आणि गुणा, उत्तर आठ. उलटा का करावयाचा, असे एखाद्या चौकस मुलीने विचारले तर? येथे बरेच मास्तर "रीत आहे" म्हणून मोकळे होतात. आता कापड अंथरा. प्रत्येक वाराच्या चार चौथाया, म्हणजे सहा वारांच्या चोवीस. पाऊण वाराला तीन चौथाया लागतात. चोविसांचे तीन-तीनांचे गठ्ठे आठ. चाराने गुणले व तिनाने भागले, तेच ते उलटे करणे. याहून अधिक त्यात गूढ काही नाही. आपल्या दुकानातील कोणाही वडीलधाऱ्याने हे हाताने केलेले आहे. शिक्षक होणाऱ्याला ते तोंडाने व खडूने करता आले पाहिजे.

हे दिसते तितके सुलभ नाही. लिपिंग मा या विदुषीने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकेतील २३ व चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांची तुलना आहे. पावणेदोन भागिले अर्धा, एवढाच त्यांतील एक प्रश्न. चिनी शिक्षकांनी सर्वांनी उत्तर बरोबर काढले. अमेरिकनांपैकी निम्म्यांनाही ते पुरते साधले नाही, आणि त्यावर उचित गोष्ट रचणारे तर त्यांच्यात जवळजवळ नव्हतेच. विशेष हे, की अमेरिकन शिक्षक पदवीधर होते आणि चिनी शिक्षक साधारणतः नववीनंतर दोन-तीन वर्षांचे अध्यापनशिक्षण घेतलेले. आपल्या जुन्या फायनल-ट्रेनिंगवाल्यांच्याच तोडीचे म्हणा ना! पदवीची उंची आणि प्राथमिक गणिताची खोली या दोन गोष्टी वेगळ्या, हे यावरून उघड होते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) चार वर्षांच्या एकात्मिक पदवीची अपेक्षा ठेवली आहे. त्या चार वर्षांत पहिली ते पाचवीचे गणित पुन्हा मुळापासून शिकविण्यास किती तास मिळतात, हे पाहावे लागेल.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीस ही संख्या 'वीस सात' अशीही वाचावी, असे सुचविले गेले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधानसभेतही थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा कै. मंगला नारळीकर यांनी कारणे दिली, ती फारच थोड्यांनी ऐकली. मराठीत आपण 'सत्तावीस' म्हणताना सात आधी उच्चारतो आणि २७ लिहिताना दोन आधी लिहितो. एकोणतीस म्हणताना तर तिसातून एक वजा करतो. कानडीत वीस आधी व सात नंतर असेच म्हणतात. सुचविलेली पद्धत स्वीकारावी की नाही याविषयी मतभेद असू शकेल, आमचेही मन जुन्या शब्दांकडेच ओढते. परंतु मूल ७२ लिहून सत्तावीस का वाचते, हे त्या निमित्ताने प्रत्येक अध्यापक विद्यालयात शिकविले जावयास हवे होते.

अखेरीस देवळालीचे कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूस, १९०५. १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून काम केले. ते माध्यमिक शाळेचे शिक्षक होते हे खरे. पण त्यांचे गाजलेले संशोधन चौथीच्या वजाबाकीत बसते. चार अंकी संख्या घ्या, सारे अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि येईल त्या उत्तरावर हेच पुन्हा करा. ३५२४ घेतली, तर ५४३२ उणे २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ बरोबर ६१७४. पुढे ७६४१ उणे १४६७ पुन्हा ६१७४च. फार तर सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या येथेच येऊन थांबते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. देशातील विद्वानांनी पुष्कळ काळ त्यांच्याकडे कौतुकमिश्रित उपेक्षेने पाहिले. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगास नाव कळले. १९८६ साली ते वारले.

या वजाबाक्यांचे प्रत्येक उत्तर नवाने निःशेष भागले जाते. का? सर्वांत मोठा अंक हजाराच्या घरातून एककाच्या घरात येतो, म्हणून त्याच्या व लहानाच्या अंतराची ९९९ पट. मधल्या दोघांच्या अंतराची ९० पट. दोन्ही नवाच्या पटीत. स्थानिक किंमत म्हणजे काय, हे यात सारे आले, आणि अध्यापक विद्यालयाच्या वर्गात फळ्यावर मांडावयास पंधरा मिनिटे पुरतात.