आमच्या नगरचा कृष्ण

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले की किल्ले खूप झाले, आता जरा सुपरहिरोंच्या पिक्चरवर बोल. मी काही समीक्षक नाही. आठवडाभर कोड लिहायचा, शुक्रवारी रात्री पुण्याहून नगरला घरी यायचं आणि जमलं तर एखादा पिक्चर टाकायचा, एवढाच आपला सिनेमाशी संबंध. (कागदोपत्री जिल्हा आता अहिल्यानगर झालाय, पण कंडक्टरकडे आम्ही अजून ‘एक नगर’च मागतो.)

तर आधी मतं देऊन मोकळा होतो. 2019 चा ‘एंडगेम’ हा माझ्यापुरता मार्व्हलचा शेवट. कॅप्टन अमेरिकाने थॉरचा हातोडा उचलला तेव्हा थिएटरात जो आवाज झाला, तसा नंतर ऐकलाच नाही. त्यापुढचे बहुतेक पिक्चर म्हणजे जुन्या कोडला लावलेले पॅच. ‘द मार्व्हल्स’ला मी चक्क झोपलो. ‘ड्यून’चा दुसरा भाग भारी आहे, पण मोठ्या पडद्यावरच बघा, मोबाईलवर नुसती वाळू दिसते. ‘कल्की 2898 एडी’ पहिला तासभर रेंगाळतो आणि मग अश्वत्थामा झालेले अमिताभ उभे राहतात, पैसे वसूल. ‘हनुमान’ बघताना मजा आली, कारण त्यातला पोरगा गावातला भुरटा चोर आहे, त्याला ताकद मिळते तेव्हा आपल्यालाच मिळाल्यासारखं वाटतं. ‘आदिपुरुष’बद्दल काय बोलायचं? टीझर आल्यापासून व्हीएफएक्सची टिंगल झाली आणि रिलीजनंतर संवाद बदलावे लागले. दिग्दर्शक ओम राऊत आपला मराठी माणूस, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

पण डोक्यात घर करून बसला तो वेगळाच पिक्चर. 2023 चा ‘अक्रॉस द स्पायडर-वर्स’. त्यात मुंबाटन नावाचं शहर आणि पवित्र प्रभाकर नावाचा आपला स्पायडरमॅन आहे म्हणून नव्हे. त्यातल्या एका प्रसंगामुळे. शेकडो स्पायडरमॅन एकत्र जमलेत आणि त्यांचा म्होरक्या मिगेल ओहारा माइल्स मोरालेसला तोंडावर सांगतो की तुला चावलेला कोळी दुसऱ्याच विश्वातला होता, तू मुळात स्पायडरमॅन व्हायलाच नको होतास. थिएटरात सगळे शांत. मला मात्र आमच्या शाळेचं गॅदरिंग आठवलं.

आठवीत होतो. गोवर्धन पर्वताचं नाटुकलं बसवत होते. माझ्या बाकावरचा मित्र भिंगारचा, ख्रिश्चन घरातला. पोरगा खरीखुरी बासरी वाजवायचा, त्यामुळे कृष्ण त्यालाच मिळाला. दोन दिवस तालीम झाली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण बाईंनी वहीतून मान वर न करता सांगितलं की कृष्ण आता हा करेल. हा म्हणजे मी. बासरी मला येत नव्हती. मग असं ठरलं की मी स्टेजवर करंगळीवर थर्माकोलचा पर्वत घेऊन उभं राहायचं, नंतर बासरी ओठाला लावायची, आणि तो विंगेत उभा राहून वाजवणार. तसंच झालं. टाळ्या मला पडल्या. तो काही बोलला नाही. मीही नाही. मला कृष्ण हवा होता, खोटं कशाला सांगू!

हे सगळं आज उकरून काढायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी नगरच्या कलाकारांवर एपिसोड करायचा म्हणून वाचत बसलो होतो. सदाशिव अमरापूरकर तर सगळ्यांना माहीत. स्पाइक मिलिगन, बीबीसीच्या ‘गून शो’वाला विनोदवीर, तोही नगरचाच, जन्म 16 एप्रिल 1918. आणि त्याच्यानंतर नऊ दिवसांनी, 25 एप्रिल 1918 ला, त्याच नगरमध्ये एका मराठी ख्रिश्चन घरात जन्मलेलं दुसरं नाव सापडलं. शाहू मोडक. काम काय केलं? कृष्ण! एकदा-दोनदा नव्हे, 29 चित्रपटांत कृष्ण केला असं सांगतात.

मी लॅपटॉप बंद केला आणि थोडा वेळ गच्चीवर जाऊन आलो.

आता ही गोष्ट नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. 1910-11 च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके नावाचा चाळिशीतला माणूस मुंबईत एक पिक्चर बघतो. विषय येशू ख्रिस्ताचं चरित्र. पडद्यावर ख्रिस्त चाललाय आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण यायला लागलेत. आपले देव असे पडद्यावर कधी दिसणार, या एका विचाराने माणूस झपाटला. पुढे ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. म्हणजे आपला सिनेमा सुरू झाला तोच एका ख्रिस्तपटातून स्फूर्ती घेऊन, हे लक्षात असू द्या.

फाळके म्हटलं की आपल्याला धोतर-कोटातला गंभीर फोटो आठवतो. प्रत्यक्षात माणूस आपल्यासारखाच टेक्निकल किडा होता. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, सगळं शिकलेला. जादूचे प्रयोगही करायचे, आणि त्यासाठी स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ झाले होते! 1912 साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर पहिलं काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीच्या एकेक फ्रेम घेत राहिले. पडद्यावर वेल भराभर वर चढताना दिसली. आज आपण मोबाईलमध्ये टाइम-लॅप्स म्हणून बटण दाबतो ना, तेच, फक्त बटणाच्या जागी महिनाभराची चिकाटी. ते बघून पैसे मिळाले आणि 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

मग 1917 चा ‘लंकादहन’. त्यात अण्णा साळुंके यांनी राम केला आणि सीताही केली. एकाच माणसाने! हे साळुंके आधी एका खानावळीत स्वयंपाकी होते, फाळक्यांनी तिथून उचलून त्यांना ‘हरिश्चंद्र’मध्ये तारामती केलं होतं.

पण मला सगळ्यात आवडतो तो 1919 चा ‘कालिया मर्दन’. त्यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लहानगी मुलगी, मंदाकिनी. आणि फाळके काय करतात बघा. पिक्चरच्या सुरुवातीला ते आधी मंदाकिनीचा चेहरा दाखवतात. हसताना, रागावताना, वेगवेगळे भाव देताना. म्हणजे प्रेक्षकाला सरळ सांगून टाकलंय की ही माझी पोरगी आहे, हा अभिनय आहे, आता बघा कृष्ण. आणि पुढे ती कालियाशी झुंजते तेव्हा तुम्ही मंदाकिनीला विसरता. मुखवट्यामागे कोण आहे हे लपवायची त्या माणसाला गरजच वाटली नाही. केरळवाल्यांनी 2025 मध्ये ‘लोका’त मुलगी सुपरहिरो केली म्हणून आपण केवढं कौतुक केलं (केलंच पाहिजे, पिक्चर मस्त आहे), पण शंभर वर्षांपूर्वी आपला पडद्यावरचा बाळकृष्ण मुलगीच होती.

आता बोलपट आले. 1932 साली भालजी पेंढारकरांनी ‘श्यामसुंदर’ काढला. कृष्णाच्या भूमिकेत 14 वर्षांचा शाहू मोडक, राधा शांता आपटे. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. जो पडद्यावर दिसतो त्यानेच गायचं, त्यामुळे दिसायला देखणा आणि गळ्याने गोड असा पोरगा हवा होता. विंगेतून दुसऱ्याने बासरी वाजवायची सोय नव्हती! पिक्चर मुंबईत 25 आठवडे चालला. पुढच्याच वर्षी ‘आवारा शहजादा’त मोडकांनी राजपुत्र आणि गरीब मुलगा असा डबल रोल केला, बोलपटातला आपल्याकडचा पहिला. त्या काळी डबल रोलची नेहमीची रीत अशी की अर्धी फ्रेम झाकायची, एका बाजूचा अभिनय चित्रित करायचा, फिल्म मागे गुंडाळायची, आता दुसरी बाजू झाकायची आणि त्याच नटाला नव्या कपड्यात उभं करायचं. चूक झाली तर दोन्ही वाया. अनडू नाही.

ख्रिश्चन पोराला कृष्ण कसा जमला, असा प्रश्न काही जणांच्या मनात येईल. माझ्याही आला, आणि त्याचं उत्तर नगरच्या मातीतच मिळालं. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे 1831 पासूनचं. पण इथला ख्रिस्ती माणूस नुसता इंग्रजी प्रार्थना म्हणत बसला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक याच नगरमध्ये राहिले. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तनं केली, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते सांगायचे. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा, नगर-राहुरीतले ते दिवस जसेच्या तसे दिसतात. म्हणजे मोडक ज्या गावात जन्मले तिथे टाळ-मृदंग चर्चमध्येही वाजत होते. ओवी आणि अभंग ही कुणा एकाची प्रॉपर्टी नव्हती. मिगेल ओहारा त्या काळच्या नगरमध्ये आला असता तर गोंधळून गेला असता.

1939 मध्ये शांतारामबापूंनी या कृष्णाला मुकुट काढायला लावला. ‘माणूस’ या पिक्चरमध्ये मोडक झाले गणपत, एक साधा हवालदार, जो मैना नावाच्या वेश्येच्या प्रेमात पडतो. मैना शांता हुबळीकर. तिला घरी न्यायची हिंमत गोळा करता करता त्याची जी दमछाक होते, ती बघताना हाच माणूस करंगळीवर पर्वत उचलत होता हे खरं वाटत नाही. आजच्या सुपरहिरोवाल्यांना मला हेच विचारावंसं वाटतं. केप काढून ठेवल्यावर तुमच्या नटाला काही करता येतं का?

आणि मग 1940. प्रभात, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, पिक्चर ‘संत ज्ञानेश्वर’. तरुण ज्ञानेश्वर, शाहू मोडक.

इथे नगरकर म्हणून माझी कॉलर ताठ होते, थोडं सहन करा. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, आमच्या जिल्ह्यातल्या नेवाशाला. ज्या खांबाला टेकून माऊली बसले असं मानतात तो पैस खांब आजही तिथे आहे. आणि वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन त्यांना भेटायला निघाले ते चांगदेव, त्यांची समाधी गोदाकाठी पुणतांब्याला. तेही आमच्याच जिल्ह्यात. म्हणजे क्रॉसओव्हरच्या दोन्ही बाजू आमच्या, आणि त्यातल्या एका बाजूचा नटही आमचा.

यूट्यूबवर हा पिक्चर मी आजीबरोबर बघितला. रेडा वेद म्हणतो, भिंत चालते, आणि 1940 ची ट्रिक आहे हे आपल्याला कळतं. माझ्यातला इंजिनियर कडा शोधत होता, जोड कुठे दिसतोय का बघत होता. आजी पदर नीट करून बसली होती. मी म्हटलं, ‘‘आजी, हे खोटं आहे, कॅमेऱ्याची करामत आहे.’’ ती म्हणाली, ‘‘अरे, ते मलाही कळतंय. पण ती भिंत कशाला चालली ते बघ.’’

कशाला चालली? कथा आठवा. चौदाशे वर्षं जगलेला योगी शक्तिप्रदर्शन करत येतोय. समोर चार भावंडं भिंतीवर बसलीत. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली. त्यांच्याकडे वाहन कुठलं? पाहुण्याला सामोरं जायला हवं म्हणून बसल्या भिंतीलाच चल म्हटलं. हाणामारी नाही, शहर कोसळत नाही. त्याआधी चांगदेवांनी कोरं पत्र पाठवलं होतं, त्याला उत्तर म्हणून 65 ओव्या गेल्या. या भावंडांच्या गोष्टीत चमत्कार येतो तो असाच, काहीतरी अडल्यावर. मांडे भाजायला गावात कोणी खापर देऊ दिलं नाही तेव्हा पाठ तापते. वेदांचा अधिकार नाही म्हणून हिणवलं तेव्हा रेडा बोलतो. आता आठवा, शेवटच्या अर्ध्या तासात आकाशातून निळा झोत आणि खाली पडणाऱ्या इमारती असलेले पिक्चर तुम्ही किती पाहिलेत, आणि त्यातला झोत नेमका कशासाठी होता ते तुम्हाला सांगता येतं का? मला ‘एंडगेम’ सोडला तर एकाचंही येत नाही.

आणि तो चमत्कार पडद्यावर उभा केला, वाळीत टाकलेल्या पोराचा चेहरा ज्ञानेश्वरांना दिला, तो नगरच्या ख्रिश्चन मुलाने. लोकांनी ते मनापासून घेतलं. 1942 च्या ‘भरत मिलाप’मध्ये भरतही तेच झाले. 11 मे 1993 ला मोडक गेले. मी नगरमध्ये वाढलो, शाळा इथेच केली, आणि 27 वर्षं मला हे नाव माहीत नव्हतं. आमच्या बाईंनाही बहुतेक नसावं. असतं तर त्या दिवशी वहीतून मान वर केली असती का, ते मला सांगता येणार नाही.

हा एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी मी त्या मित्राला शोधलं. तो आता बंगळूरला असतो. त्याला ‘संत ज्ञानेश्वर’ची लिंक पाठवली आणि खाली गॅदरिंगबद्दल लिहिलं. चार वेळा खोडून पाचव्यांदा पाठवलं. दोन दिवस नुसत्या निळ्या टिका. मग व्हॉइस नोट आली. तो म्हणाला, ‘‘शाहू मोडक मला माहितेय रे. त्या दिवशी घरी जाऊन रडलो होतो तेव्हा आजीने सांगितलं होतं. तिने ‘भरत मिलाप’ थिएटरात बघितलेला.’’

मी विचारलं, बासरी अजून वाजवतोस का? म्हणाला, नाही, सुटली. ख्रिसमसला भिंगारला येतोय. नेवाशाला गाडीवर जायचं ठरलंय, येताना पुणतांबं होतंय का बघू. पेट्रोल माझ्याकडे.