खिशातल्या कॅसेटचा अल्बम

१९८२ उजाडलं तेव्हा ब्रूस स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकमध्ये भाड्याच्या घरात राहत होता. आधीचा 'द रिव्हर' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला. म्हणजे हवा तो स्टुडिओ मिळाला असता. त्याने बेडरूममध्ये टास्कॅमचं चार ट्रॅकचं यंत्र मांडलं, दोन माइक लावले आणि साध्या कॅसेटवर गाणी म्हणून टाकली. बँडला चाली कळाव्यात, एवढाच हेतू. आम्हा इंजिनिअरांच्या भाषेत, डेमो. मिक्सिंगला वापरलेला पॅनासोनिकचा टेपरेकॉर्डर तर पूर्वी एकदा पाण्यात पडलेला. तयार कॅसेट हा गडी डबीशिवाय जीन्सच्या खिशात घेऊन फिरत होता.

मग न्यू यॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत ई स्ट्रीट बँडसोबत तीच गाणी पुन्हा करायला घेतली. बँड कच्चा मुळीच नव्हता. त्याच डेमोंमधलं 'बॉर्न इन द यू.एस.ए.' बँडच्या हातात पडलं आणि स्टेडियम हलवणारं झालं. १९८४च्या अल्बमला नावही त्याचंच. पण बाकीची बरीच गाणी नीट वाजूनही निर्जीव वाटत होती. शेवटी कॅसेटच बाजारात आणायचं ठरलं. तेही सोपं नव्हतं. आवाज बारीक, खरखर फार, त्यामुळे तिच्यावरून तबकडी बनवण्याचे प्रयत्न फसत राहिले. ३० सप्टेंबर १९८२ला 'नेब्रास्का' आला. त्यासाठी दौराही काढला नाही.

या अल्बमच्या खरखरीचं आज फार कौतुक होतं. मला ते अर्धवट वाटतं. (खरखर काय, माझ्या जुन्या इअरफोनमध्येही होती.)

'जॉनी ९९' ऐका. माहवामधला मोटारींचा कारखाना बंद पडतो, एकाची नोकरी जाते, दुसरी मिळत नाही, आणि तो दारूच्या नशेत गोळी झाडतो. कोर्टात तो कर्जाबद्दल बोलतो, घर बँकेकडे गहाण असल्याचं सांगतो. माहवाचा कारखाना खरा होता, फोर्डचा. १९८०मध्ये बंद झाला. १९८२च्या अखेरीस अमेरिकेतली बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली होती. गंमत म्हणजे गाण्याची चाल जलद आहे, चक्क ठेका धरावा अशी.

कॉलेजात मी तो ठेकाच ऐकायचो. नंतर एका सकाळी आमच्या कंपनीतून माणसं काढली. पंधरा मिनिटांचा कॉल, मग लॅपटॉप लॉक. माझ्या शेजारी बसणारा मित्र त्यात होता. त्याने मला फोन केला तो शिव्या द्यायला नाही. "पाच तारखेला ईएमआय कापला जातो रे," एवढंच म्हणाला आणि गप्प बसला. मीही गप्प. त्या रात्री 'जॉनी ९९' लावलं, तेव्हा गिटारच्या मागे काहीच नाही हे पहिल्यांदा टोचलं. ड्रम नाहीत, साथीला आवाज नाहीत. कोर्टात उभ्या असलेल्या त्या माणसाच्या बाजूने कुणीच नाही.

२०२५मध्ये ती बँडवाली रेकॉर्डिंगं अखेर बाहेर आली. उत्सुकतेने ऐकली. 'जॉनी ९९' झकास वाजलंय, पाय आपोआप हलतो. फक्त त्यातल्या जॉनीला चार मित्र आहेत असं वाटतं.